मदत हवी आहे: वायफायचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सारखा कोसळतोय

नमस्कार मंडळी, म्हापशाहून विचारतोय. लॅपटॉपवर विंडोज ११ होम. मोठी फाइल उतरवायला घेतली की वायफाय गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरवर (म्हणजे वायफाय कार्डावर) पिवळं चिन्ह, कोड १०, म्हणजे ते सुरूच होत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच वेळेची एनडीआयएसची (विंडोजचा नेटवर्क ड्रायव्हर सांभाळणारा भाग) १०४०० नोंद, म्हणजे अडॅप्टर रीसेट होतोय. नुसत्या रीस्टार्टने भागत नाही. पूर्ण बंद करून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं की परत दिसतो.

त्याच राउटरवर फोन व्यवस्थित चालतात. पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू दे’ ही खूण काढली, फास्ट स्टार्टअप बंद केलं. विनसॉक रीसेट (विंडोजच्या नेटवर्क सेटिंग मूळपदावर आणणं) कृपया सुचवू नका, त्याचा ड्रायव्हरशी संबंध नाही. आपल्याकडच्या पावसात कार्डाच्या पिना गंजल्या असतील असा संशय होता, पण पेनड्राइव्हवरून लिनक्स लावलं तर रात्रभर एकदाही तुटलं नाही. कार्ड बहुधा धड आहे.

जुना ड्रायव्हर टाकला की बरं चालतं, पण विंडोज अपडेट पुन्हा नवा बसवतं! होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर (असे नियम लावायचं विंडोजचं साधन) नाही. बाकीचे अपडेट चालू ठेवून हा एकच ड्रायव्हर कसा अडवायचा? रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) कार्डाचा हार्डवेअर आयडी, म्हणजे त्याची ओळख, घालून अडवला, तर पुढे जुना ड्रायव्हर हाताने टाकणंही अडेल ना? कोणी केलं असेल तर नेमका क्रम सांगा.