यहूदा एकटाच होता का? एका पोस्टला उत्तर

वाडीतला:
झावळ्यांच्या रविवारपासून एका उपदेशकाची पोस्ट तीन ग्रुपांवरून माझ्यापर्यंत आली. "पेत्र पडला आणि उठला. यहूदा पडला आणि नरकात गेला. प्रत्येक मंडळीत एक यहूदा असतोच. त्याला वेळीच ओळखा आणि दूर ठेवा." खाली आमेनची रांग. गोष्ट तशी जुनी: दोघेही प्रभू येशूच्या बारा शिष्यांतले. पेत्राने पकडले जाण्याच्या भीतीने येशूला नाकारलं, यहूदाने तीस नाण्यांसाठी त्याला धरून दिलं आणि मग स्वतः गळफास घेतला. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

ओळखा म्हणजे कसं ओळखायचं? जे अकरा जण त्याच्याबरोबर हिंडले, जेवले, झोपले, त्यांनाही तो ओळखता आला नाही. "तुमच्यातला एक मला धरून देईल" असं प्रभू म्हणाला, तेव्हा एकानेही यहूदाकडे बोट दाखवलं नाही. प्रत्येक जण स्वतःबद्दलच विचारू लागला, "प्रभू, मी आहे का तो?" योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो, घास हातात घेऊन यहूदा उठून गेला तरी बाकीच्यांना वाटलं की सणाचं सामान आणायला गेला असेल, नाहीतर गरिबांना काही द्यायला. आणि ज्याला सगळं ठाऊक होतं त्याने तरी त्याला कुठे दूर ठेवलं? त्याच रात्री त्याचेही पाय धुतले.

दुसरं म्हणजे ग्रीकमध्ये यहूदासाठी जे क्रियापद आहे, पारादिदोमी, तेच याजकांनी येशूला रोमन सुभेदार पिलाताकडे दिलं तिथे आहे, तेच पिलाताने शिपायांकडे दिलं तिथे आहे. आपल्या मराठी बायबलात मात्र यहूदा 'धरून देतो' आणि बाकीचे 'स्वाधीन करतात'. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल तेच क्रियापद खुद्द पित्यासाठी वापरतो: स्वतःच्या पुत्राला आपल्या सर्वांसाठी दिलं. एवढ्या हातांतून तो गेला आणि आपण एकच हात धरून बसलो आहोत.

आमच्या गावात पवित्र आठवड्यात येशूच्या दुःखसहनाचं नाटक व्हायचं. माझे मोठे काका वर्षानुवर्षं यहूदाचं काम करत, कारण पेत्र व्हायला दहा जण तयार असत, यहूदा व्हायला कुणीच नाही. नाण्यांच्या जागी पंपाचे लोखंडी वॉशर, तीस मोजून, आजीच्या फाटक्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले. याजकांसमोर ते गाठोडं सोडून फळ्यांवर टाकलं की वॉशर घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत यायचे आणि आम्ही पोरं ते वेचायचो. काकांच्या मुलीचं लग्न ठरताना एक म्हातारी सरळ बोलून गेली, "यहूदाची पोर ना ही?" नाटकातला यहूदाही सुटत नाही आपल्या तावडीतून.

पाळकाचा_मुलगा:
बंधू, मी अहमदनगरचा (आता अहिल्यानगर म्हणा), चार पिढ्या मंडळीत आहोत. तुमच्या काकांबद्दल वाईट वाटलं, पण नाटकाने वचन बदलत नाही. "तो मनुष्य जन्मला नसता तर त्याला बरे झाले असते", हे त्या उपदेशकाचं वाक्य नाही, प्रभूचं आहे. मार्क १४:२१. योहान १७ मध्ये 'नाशाचा पुत्र' म्हटलंय. योहान १२ मध्ये तो चोर होता, शिष्यांच्या पैशांच्या डबीतलं काढून घ्यायचा, असं स्वच्छ लिहिलंय. आणि ग्रीक काढताच आहात तर पूर्ण काढा. मत्तय २७:३ मध्ये यहूदासाठी मेतानोइया हा पश्चात्तापाचा शब्द नाही, मेतामेलोमाय आहे, म्हणजे नुसती हळहळ. हळहळून तो गेला कुणाकडे? याजकांकडे. पेत्र रडला आणि प्रभूकडे परत आला. हा फरक पुसून टाकाल तर पोरांना पश्चात्ताप म्हणजे काय ते शिकवणार कसं?

हिशेबवाला:
डबीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी एका मंडळीचा नऊ वर्षं खजिनदार होतो. मिशनच्या काळातलं कंपाउंड, चिंचेची दोन झाडं, मागे बंद पडलेलं बोर्डिंग. त्यातला रस्त्याकडचा तुकडा विकला गेला आणि ठराव मला सहीला आला तो सहा महिन्यांनी. मी व्यवहाराचे कागद मागितले. पुढच्याच रविवारी उपदेशाचा विषय होता 'आपल्यातला यहूदा'. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती, अख्खी मंडळी माझ्याकडे बघत होती. बायकोने गीतपुस्तक मिटलं आणि आम्ही उठून आलो. त्या पोस्टचा उपयोग असा होतो. जो हिशेब विचारतो तो यहूदा. पवित्र शास्त्रात हिशेब न देणारा यहूदा होता, हे कुणाच्या लक्षात येत नाही. विश्वस्तांच्या निवडणुका, भाडेकरार, सगळ्यावर लिहू शकतो, कागद अजून घरी आहेत.

वाडीतला:
दादा, त्यावर वेगळं लिहा, मी वाचेन. नगरकर, तुमचा मेतामेलोमाय उलटा पडतो. मत्तय २१ मधला मुलगा आधी बापाला "नाही जात" म्हणतो आणि मग मन बदलून द्राक्षमळ्यात जातो. त्याला येशू चांगलं म्हणतो, आणि तिथे हाच शब्द आहे. यहूदाने काय केलं बघा. चूक कबूल केली, "मी निर्दोष रक्त धरून दिलं". ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांना परत केले. आपण पापनिवेदनात हेच करतो ना? पाप कबूल करा, नुकसान भरून द्या. आणि ज्यांचं काम लोकांना देवाकडे वळवायचं ते याजक त्याला म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. त्या दिवशी तो माणूस याजकांच्या दारातून तसाच परत गेला. पेत्राला कोंबडा आरवल्यावर प्रभूने वळून पाहिलं, लूक लिहितो. यहूदाकडे कुणी पाहिलं?

रात्रपाळी:
मी नर्स आहे, आता निवृत्त. सहसा वाचते, लिहीत नाही. "यहूदा पडला आणि नरकात गेला" हे वाचून हात थरथरायला लागला म्हणून लिहिते.

१९७८ साली माझा थोरला भाऊ गेला. स्वतःच्या हाताने गेला. तेव्हा त्याला आजार म्हणत नसत. आमच्या फादरांनी मिस्सा नाकारली, मरणाची घंटा नाकारली, आणि त्याला कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर, कचरा जाळायचे त्या बाजूला पुरलं. खड्डा वडिलांनी आणि मामाने खणला. एका शेजारणीने आईला धीर द्यायला म्हणून सांगितलं, "यहूदासारखं केलं ना त्याने, फादर तरी काय करणार?" त्यानंतर दरवर्षी दुःखसहनाचं वाचन सुरू झालं की आई उठून बाहेर पायरीवर बसायची, वाचन संपेपर्यंत. लोकांना वाटायचं तिला उभं राहवत नाही.

पाळकाचा_मुलगा:
ताई, दुःख मोठं आहे. पण एका घरातलं दुःख हा शास्त्राचा अर्थ लावायचा नियम होऊ शकत नाही. दुसऱ्या करिंथकरांत पौल म्हणतो, देवाला मान्य असलेलं दुःख तारणाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे. हे मी लिहिलेलं नाही.

वाडीतला:
तुम्ही हे वाक्य आत्ता, या ताईंना लिहिलंत? पुरुषासारखे पुरुष, थोडी लाज बाळगा. शेजारणीने जे केलं तेच तुम्ही वचनाचा आकडा लावून केलंत.

पाळकाचा_मुलगा:
मला लाज शिकवू नका. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं अशा घरांत जाऊन प्रार्थना केली आहे, रात्री दोन वाजता सायकल मारत. आमच्याकडे कुणाला कुंपणाबाहेर पुरल्याचं मी ऐकलं नाही. तो तुमच्या कॅथलिक चर्चचा नियम होता, आमच्या वचनाचा नाही.

शाळामास्तर:
दोघेही थांबा. नियमापुरतं सांगतो, मी पस्तीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलं होतं. १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम राहिलं नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्ट आहे की अशा माणसांच्या तारणाची आशा सोडू नये आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. आणखी एक. चर्चने हजारो संत जाहीर केले, पण अमुक माणूस नरकात आहे असं नाव घेऊन कधी जाहीर केलं नाही. यहूदाचंही नाही.

ताई, पाच वर्षांनी नियम बदलला, हे तुमच्या आईला सांगायला कुणी आलं का?

रात्रपाळी:
कुणी नाही. मीच नंतर एका ननकडून ऐकलं. तोवर आई गेली होती.

मत्तयातली एक गोष्ट मला आईनेच दाखवली. याजकांनी ते पैसे खजिन्यात घेतले नाहीत, रक्ताचं मोल म्हणून. त्यातून कुंभाराचं शेत घेतलं, परक्यांना पुरायला. आई म्हणायची, ज्यांना कुणी जागा देत नव्हतं त्यांना त्याच्या पैशांतून जागा झाली. तेवढंच ओळीला बोट लावून वाचायची.

इस्रायलआळी:
शालोम. मी ख्रिस्ती नाही. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळचे अलिबागच्या इस्रायल आळीतले, आता इस्रायलमध्ये अश्दोदला. धागा एका वसईच्या मैत्रिणीने पाठवला.

तुम्ही सगळे यहूदा यहूदा म्हणताय, माझ्या आजोबांचं नाव यहूदा होतं. मराठीत तुमचा फितूर यहूदा, आमची जात यहूदी. लहान मुलाच्या कानाला दोन्ही एकच. पाचवीत शाळेत बाकावरच्या मुलाने मला विचारलं, "तुमच्या लोकांनी आमच्या देवाला का मारलं?" तो वाईट मुलगा नव्हता, त्याच दुपारी त्याने मला डब्यातली आंबोळी दिली. मी घरी येऊन आजोबांना विचारलं. त्यांनी उत्पत्तीचं पुस्तक उघडलं. याकोबाचा मुलगा यहूदा. भावाला, योसेफाला, विकू या ही कल्पना त्याचीच. वीस रुप्याचे तुकडे मिळाले. तोच यहूदा पुढे मिसरात धाकट्या बन्यामिनासाठी म्हणतो, याला सोडा, मला गुलाम ठेवा. आजोबा म्हणाले, भावाला विकणाऱ्याला परत यायला वीसेक वर्षं मिळाली आणि आपण त्याचं नाव लावतो. तुमच्या यहूदाला एक रात्र मिळाली.

शाळामास्तर:
हे वाचून मी वहीत उतरवून घेतलं.

त्या बाकावरच्या मुलाला आम्हीच तसं शिकवलं, हे मान्य करायला हवं. पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेतला यहुद्यांबद्दलचा अपमानाचा शब्द १९५९ साली निघाला. २८ ऑक्टोबर १९६५ ला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. आणि खटला बघा. कयफाला प्रमुख याजक नेमलं ते रोमन सुभेदाराने. क्रूस ही रोमन शिक्षा. दोष माझा नाही म्हणून पिलाताने हात धुतले ते फक्त मत्तयात आहे, पण हाच पिलात शोमरोनी लोकांवर घोडदळ घालून कत्तल केल्याने रोमला परत बोलावला गेला, असं त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. आपण दर रविवारी श्रद्धेची साक्ष म्हणतो, तिच्यात नाव कुणाचं येतं? पंतय पिलाताचं. यहूदाचं नाही, कयफाचं नाही.

पाळकाचा_मुलगा:
कयफाला धुऊन काढू नका. "लोकांसाठी एका माणसाने मरावे" हे त्याचंच वाक्य आहे. पण प्रेषितांची कृत्ये ४:२७ मध्ये हेरोद, पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएल लोक एकाच दमात घेतलेत, तेवढं मला मान्य करावं लागतंय. अश्दोदच्या भाऊ, तुमच्या वर्गातला तो मुलगा चुकला. मीही लहानपणी असं बोललो असेन.

यहूदाबद्दल माझं मत तेच आहे. मार्क १४:२१ चं काय करता, ते वाडीतल्यांनी अजून सांगितलेलं नाही.

वाडीतला:
त्या वचनाला माझ्याकडे उत्तर नाही. ते वाचलं की मी थांबतो, आणि त्यावरून पुढे उडी मारणार नाही. फक्त एवढं म्हणतो की ते बोलणारा रडवेल्या आवाजात बोलला असेल, तुम्ही लिहिता त्या आवाजात नाही. काल रागाने जे बोललो ते ताईंसाठी होतं, तरी शब्द जड गेले. तुमच्या वडिलांच्या सायकलीबद्दल माहीत नव्हतं.

पाळकाचा_मुलगा:
ताई, तुमच्या भावाचा न्याय करणं माझ्या हातात नाही. ते वचन मी त्या दिवशी लिहायला नको होतं. यहूदाचं वेगळं, पण तुमच्या भावासाठी आमच्या घरच्या प्रार्थनेत आजपासून नाव घेऊ, चालत असेल तर. कब्रस्तान कुठलं?

रात्रपाळी:
चालेल. नाव इथे लिहीत नाही, वेगळं कळवते.

कब्रस्तान आमच्याच गावातलं. काही वर्षांपूर्वी जागा पुरेना म्हणून मागची पट्टी घेतली आणि भिंत पलीकडे सरकवली. मुकादम दोरी लावत होता, मी बघत उभी होते. त्याला काही माहीत नव्हतं, मीही काही बोलले नाही. भिंत पूर्ण झाली तेव्हा भाऊ आत होता.