मदत हवी आहे: रक्तदात्यांच्या ग्रुपची निवडणूक, डबल मतं कशी थांबवायची?

किनवटकर
लवकर सांगा कोणीतरी, १७ सप्टेंबरला नवीन समन्वयक जाहीर करायचेत, दरसाली मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाच करतो आम्ही. मागच्या साली गुगल फॉर्मवर मतदान घेतलं तर पाचच्या पाच लातूरचे निवडून आले. तेव्हापासून हिंगोली, परभणीवाले ग्रुपवर बोलायलेच नाहीत. डबल मतं पडली हे नक्की. एक माणूस एकच मत असं फुकटचं ॲप सांगा, आणि कोणी कोणाला दिलं ते दिसायला नको.

मोंढ्यातला
व्हॉट्सॲपचा पोल घ्या की, दोन मिनिटांचं काम.

किनवटकर
त्यात नावं दिसतात हो सगळ्यांची. वर लिहिलंय मी.

रातपाळी_सिस्टर
दादा, आधी हे सांगा, मतदार किती, उमेदवार किती, आणि फॉर्मला जीमेलनं लॉगिन लागत होतं का नव्हतं? ह्याशिवाय कोण काय सांगणार.

किनवटकर
लॉगिन होतं. पण एकेकाचे तीन तीन जीमेल असतात. २४० मतं पडली, उमेदवार १९, आठही जिल्ह्यांतले लोक आहेत. ॲप सांगा.

जुना_मास्तर
मी तर म्हणतो निवडणूकच कशाला? सेवेच्या कामात मतदान आलं की गट पडले समजा. आमच्या गावात चार जाणती माणसं बसतात आन बिनविरोध ठरवतात, कोणाचं मन दुखत नाही.

रातपाळी_सिस्टर
मास्तर, राग मानू नका, पण त्या चार माणसांत बाई किती वेळा बसली? बिनविरोध म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं. ह्या ग्रुपवर निम्म्या नर्सा आन कॉलेजच्या पोरी असतील, त्या फोनवर मत देतील, बैठकीत तोंड उघडायच्या नाहीत.

जुना_मास्तर
आमच्याकडं तसं नाही. सरपंचच बाई आहे.

रातपाळी_सिस्टर
सरपंच असू द्या, मी त्या चार जणांचं विचारलं.

पसंतीक्रम
किनवटकर, एका मतदाराला किती जणांवर टिक करता येत होती? आणि २४० पैकी लातूरचे किती?

किनवटकर
पाच जागा म्हणून पाच टिक. लातूरचे ११० असतील, तिथं ग्रुप सुरू झाला ना. त्याचा काय संबंध?

पसंतीक्रम
सगळा संबंध त्याचाच आहे. ११० जणांनी आपल्याच पाच जणांवर टिक केली की पाचही जणांना ११०-११० मतं. बाकीचे १३० लोक सात जिल्ह्यांत, १४ उमेदवारांत वाटले गेले, कोणाला ४०, कोणाला ६०. एकही डबल मत न पडता पाचच्या पाच लातूरचेच येणार. तुमच्या लोकांवर तुम्ही वर्षभर उगाच संशय घेतला असं वाटायलंय मला. ॲप कोणतंही घ्या, पाच टिक ठेवल्या की हेच होणार.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदान केलंय का कधी? जांभळा स्केच पेन देतात आन नावापुढं १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. राज्यसभेलाही पसंतीचीच मतं असतात. तेच करा. पाच जागांना २४० भागिले ६ (जागांपेक्षा एक जास्त), अधिक १, म्हणजे ४१ चा कोटा, एवढी मतं मिळाली की माणूस निवडून आला. लातूरच्या ११० मतांत दोन कोटे बसतात, बाकीच्यांनी एकमेकांना पुढची पसंती दिली तर तीन जागा त्यांच्या.

मोंढ्यातला
हे मोजणार कोण? पदवीधरलाच किती शिकलेल्या लोकांची मतं बाद होतात, कोणी बरोबरची खूण करतं, कोणी दोघांपुढं १ लिहितं.

पसंतीक्रम
कागदावर चुकतं, फॉर्ममध्ये एक आकडा दोनदा घेऊच नाही असं करता येतं. मोजणी किचकट आहे हे खरं. समजा एकीला ५० मतं पडली, कोटा ४१, जादा ९. तर तिचे पन्नासच्या पन्नास कागद ०.१८ किमतीनं (९ भागिले ५०) पुढच्या पसंतीकडं जातात. एक्सेलमध्ये रात्र जाईल, पण होतं.

साईनगर_परभणी
पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि बायकांनी चार महिन्यांनीच रक्त द्यावं, तुमच्या यादीत शेवटची तारीख टाकत जा. बरेच ग्रुप टाकत नाहीत.

रातपाळी_सिस्टर
मला वेगळंच विचारायचंय. हे समन्वयक करतात काय?

किनवटकर
रात्रीचा फोन उचलतात आन जवळचा डोनर गाठून देतात. पावसाळ्यात आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या किनवटहून फोन आला, बाळंतीण होती, रात्रीचे अडीच. उचलणारा लातूरच्या औसा तालुक्यातला. चांगला माणूस, पण त्याला आमच्याकडचं माहूर कुठं, गोकुंदा कुठं काहीच माहीत नाही, पाऊण तास तो मला शोधत होता. बाई वाचली. पण तेव्हापासून मला हे डोक्यातून जाईना.

रातपाळी_सिस्टर
मग पाच कशाला, आठ करा. जिल्ह्याला एक, त्या जिल्ह्याचे लोकच निवडतील. कोटा नको, एक्सेल नको.

पसंतीक्रम
हिंगोलीत उमेदवार एकच असला तर? मत कशाला द्यायचं मग. आणि एका जागेलाही पसंतीक्रम लागतोच, नाहीतर तिघांत मतं फुटून तिसऱ्याचं फावतं.

मोंढ्यातला
एकच असला तर तो फोन उचलतो का ते बघा, बस.

किनवटकर
आठ करतो, पटलं. जिल्ह्यात १, २, ३ लावू. लातूरच्या पोरांना मी आज फोन करतो, चुकलं माझं. पण डबल मताचं अजून सुटलं नाही.

पसंतीक्रम
डोनर यादीतल्या प्रत्येक नंबरला एकेक कोड पाठवा, फॉर्ममध्ये जीमेल नको, कोड टाकायचा. कोणता कोड कोणाचा ते एकाकडं, मतं दुसऱ्याकडं, दोघांनी एकमेकांना दाखवायचं नाही. निकालासोबत सगळे कोड आन त्यांची मतं टाका, ज्यानं त्यानं आपलं तपासावं.

जुना_मास्तर
आन कोणी म्हणालं तुझा कोड दाखव, बघू कोणाला दिलंस?

पसंतीक्रम
हा धोका आहे, मास्तर. मग नुसते वापरलेले कोड टाका, मतं नको. तपासणी थोडी कमी होईल.

किनवटकर
तसंच करतो. कोडची यादी ग्रुपबाहेरच्या माणसाकडं पाहिजे. अकरा दिवस राहिलेत.

रातपाळी_सिस्टर
यादी मी ठेवते, मी बीडची, तुमच्या ग्रुपात नाही. मोजणी मात्र दुसऱ्या कोणाकडं द्या. आणि कोड दिवसा पाठवा, रात्री माझा फोन वॉर्डात असतो.