ख्रिस्त सिनेमात दिसतो, की नुसता सिनेमाच दिसतो?

वसईकर

यंदा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) क्रूसाची वाट ही प्रार्थना आटोपल्यावर आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मेल गिब्सनचा २००४ सालचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' दाखवला. ख्रिस्ताला फटके मारण्याचा प्रसंग आला, तो संपेचना, आणि मी उठून बाहेर आलो. शनिवारी रात्री घरी पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा सिनेमा लावला, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानावरचा, १९६४चा. कितव्यांदा ते आता मोजत नाही. तेव्हापासून मनात घोळतंय ते मांडतो.

मला शुभवर्तमान वाचायला सिनेमाने शिकवलं. लहानपणापासून मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, जातो, आजही चुकवत नाही. पण योसेफ नीतिमान होता आणि त्याने मरियेला, येशूच्या आईला, गुपचूप सोडायचं ठरवलं होतं, हे मत्तयचं वाक्य नाताळच्या आधी कानावर पडायचं आणि निघून जायचं. पासोलिनीचा सिनेमा याच वाक्यापासून सुरू होतो. मरियेचा चेहरा. योसेफाचा चेहरा. मग ती पूर्ण दिसते आणि कळतं की ती गरोदर आहे. कोणी काही बोलत नाही. तो वळतो आणि चालू लागतो. त्या पोरगेल्या मुलीकडे आणि त्या माणसाच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं, की त्या एका शब्दासाठी, 'नीतिमान' या शब्दासाठी, योसेफाला काय काय गिळावं लागलं असेल.

पुढेही मत्तयच्या बाहेरचा संवाद नाही. येरुशलेम म्हणून दक्षिण इटलीतलं मातेरा, चेहरे तिथल्या साध्या माणसांचे, ख्रिस्ताच्या भूमिकेत १९ वर्षांचा एक स्पॅनिश विद्यार्थी. हा ख्रिस्त भराभर चालतो आणि मान मागे वळवून बोलतो. ज्याला ऐकायचंय त्याने पाय उचलावेत. गिब्सनच्या सिनेमात किती रक्त सांडलं ते दिसतं. कोणाचं सांडलं, ते मला पासोलिनीकडे कळलं. म्हणून म्हणतो, भक्तिपटापेक्षा उत्तम सिनेमा श्रद्धेच्या जास्त जवळ नेतो.

नगरची लेक

जय ख्रिस्त. तुमचं लिहिणं मनापासूनचं आहे, तरी मला पटलेलं नाही. विश्वास ऐकण्यातून येतो, असं पौल रोमकरांस लिहितो (१०:१७). बघण्यातून नाही. माझ्या आजीने आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नाही. ना. वा. टिळकांची भजनं तिला तोंडपाठ होती, दळताना म्हणायची. तिचा ख्रिस्त कसा दिसायचा हे मी एकदा विचारलं, तर म्हणाली, 'दिसायला कशाला हवा? बोलतो की.'

पडद्यावर त्याला एक चेहरा मिळाला की तो चेहरा पुसता येत नाही. मी शाळेत असताना येशूवरचा एक सिनेमा पाहिला आणि पुढची कित्येक वर्षं प्रार्थनेला डोळे मिटले की तो नट समोर यायचा. हा माझा खराखुरा त्रास होता. तुम्हालाही आता तो विद्यार्थीच दिसत असणार.

तिसरी रांग

मी श्रद्धाळू नाही. फिल्म सोसायटीत वाढलो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने भांडतो. पासोलिनी नास्तिक होता, मार्क्सवादी होता. त्याच्या सिनेमाला तुम्ही देवळात नेऊन बसवता याचं मला वाईट वाटतं. त्यात जे हलवून सोडतं ते सिनेमाचं आहे.

क्रूसाखाली कोसळणारी म्हातारी मरिया आठवा. ती पासोलिनीची सख्खी आई, सुझाना. तिचा धाकटा मुलगा, ग्विदो, १९४५ साली युद्धात मारला गेला होता. ज्या बाईने एक मुलगा खरोखर गमावला तिला दुसऱ्या मुलाने कॅमेऱ्यासमोर त्या जागी उभं केलं. ते दुःख समजायला ख्रिस्त मानावा लागत नाही. डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या 'ऑर्डेट' या सिनेमात (१९५५) शेवटी मेलेली इंगर उठते तेव्हा मी दर वेळी रडलोय. आणि दर वेळी जसा गेलो तसाच नास्तिक घरी आलोय.

वसईकर

@तिसरी रांग, नास्तिक होता हे मान्यच. पण तो १९६२ साली इटलीतल्या असिसीत एका कॅथलिक संस्थेकडे उतरला होता, तिथे शुभवर्तमान हातात पडलं आणि त्यातून हा सिनेमा झाला. झाल्यावर त्याने तो पोप जॉन तेविसावे यांच्या स्मृतीला अर्पण केला. १९९५ साली सिनेमाच्या शंभरीनिमित्त व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी काढली, तीत तो आहे. तुमचा 'ऑर्डेट'ही आहे. सिनेमा देवळात मी नेला नाही. देवळातल्या लोकांना आपली गोष्ट त्यात ओळखू आली. आणि सुझानाचं जे सांगितलंत त्याने माझंच म्हणणं घट्ट होतं. एका खऱ्या आईचं दुःख मरियेच्या जागी ठेवता येतं, कारण ती जागा आधीपासून तशा आयांसाठी आहे. आमच्याकडे पोर गेलेली बाई मरियेसमोरच जाऊन बसते.

@नगरची लेक, नटाच्या चेहऱ्याचं खरं आहे. मला मात्र त्या विद्यार्थ्याचा चेहरा आठवत नाही, चाल आठवते.

नाशिककर

आमच्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांची साक्ष काढतो, कारण ती या वादाच्या मुळाशी जाते. मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. १९१७ साली 'नवयुग'मध्ये त्यांनी लिहून ठेवलंय, की डोळ्यांसमोरून ख्रिस्त सरकत असताना मनात श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ, अयोध्या दिसत होते. त्यातून १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आला.

म्हणजे ख्रिस्तावरचा सिनेमा बघून माणूस ख्रिस्ताकडे गेला नाही, स्वतःच्या देवाकडे गेला. वसईकर, तुम्हाला पासोलिनीत ख्रिस्त दिसला कारण तुम्ही वसईचे. मला त्याच सिनेमात वारीतला उन्हातान्हात चालणारा एखादा संत दिसला असता. पडदा कोणत्याच धर्माचा नसतो.

नगरची लेक

नाशिककरांनी माझंच काम केलं. फाळक्यांना गोकुळ का दिसलं? कारण गोकुळ त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं, घरात, कीर्तनात. ऐकणं आधी, बघणं मागून. वसईकरांनाही योसेफाची पाठ बघून काही समजलं, कारण ते वाक्य वर्षानुवर्षं कानावर पडलेलं होतं. ज्याने ते कधीच ऐकलं नाही त्याला एक माणूस एका गरोदर मुलीपासून दूर जाताना दिसेल, एवढंच.

वसईकर

हा मुद्दा लागला. रात्रभर विचार केला. ऐकणं आधी आलं, हे कबूल. पण मी तीस वर्षं ऐकून ते ऐकलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. आता ते वाचन मिस्साला आलं की मी ताठ बसतो. सिनेमाने माझे कान उघडले असं म्हणू द्याल का? भक्तिपट तेवढंही करत नाहीत, या मतावर मी अजून आहे.

मेणबत्ती

वाचत होते, लिहिणार नव्हते. पण भक्तिपटांबद्दल दोनदा वाचलं म्हणून लिहिते. येशूवरचा १९७८चा तेलुगू सिनेमा 'करुणामयुडू' हिंदीत 'दयासागर' म्हणून गावोगाव दाखवला गेला. माझ्या वडिलांनी तो मोकळ्या पटांगणात, पांढऱ्या कापडावर पाहिला होता. क्रूसाचा प्रसंग आला तसे खाली बसलेले लोक आपोआप उभे राहिले, असं ते सांगायचे. कॅमेरा कुठे ठेवला होता हे त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता. ते उभे राहिले, हे तुमच्या ताठ बसण्याहून कमी आहे का?

आणि ज्या रक्तामुळे तुम्ही उठलात, तोच सिनेमा आमच्याकडेही उत्तम शुक्रवारी दाखवला. माझी आई शेवटपर्यंत बसली. वडील दोन वर्षं अंथरुणाला होते. पाठीला झालेल्या जखमा तिने रोज धुतल्या, पट्ट्या बदलल्या. तिला ते फटके बघवत होते असं नाही. पण तिने तोंड फिरवलं नाही, कारण फिरवायची सवयच मोडली होती. ज्यांनी असं शरीर सांभाळलंय त्यांना त्या सिनेमात काय दिसतं, ते आपल्यासारख्यांना बाहेर जाऊन कळायचं नाही.

तिसरी रांग

गिब्सनचा सिनेमा मला सिनेमा म्हणून आजही आवडत नाही. पण यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वसईकर

@मेणबत्ती, भक्तिपटांवरचं माझं वाक्य मागे घेतो. तुमच्या आईंना एक विचाराल? त्या सिनेमातली कोणती जागा त्यांच्या मनात राहिली?

मेणबत्ती

विचारलं. फटके नाही म्हणाली, खिळेही नाही. क्रूस घेऊन जाताना तो पडतो आणि मरियेला तो लहानपणी धावताना पडला होता ते आठवतं, आणि ती गर्दीतून तशीच त्याच्याकडे धावत सुटते, ती जागा. मला म्हणाली, 'तूही अंगणात अशीच पडायचीस.'

वसईकर

ती जागा फटक्यांच्या नंतर येते. मी तोवर बाहेर जाऊन उभा होतो.