मदत हवी आहे : दारं-खिडक्या लावूनही गरम वारा आणि धूळ आत येते, फटी शोधायच्या कशा?

मृगाची_वाट
परभणीत वसमत रोडकडे आमचं घर आहे. काळ्या मातीवरचं बांधकाम, एकच मजला. मागच्या खोलीत (१० बाय १२) दीड टनाचा एसी आहे. मार्चपर्यंत खोली छान गार होते, पण पुढे पश्चिमेचा वारा सुटला की दुपारभर एसी नुसता घरघरत राहतो. एसीवाला गॅस बघून, फिल्टर धुऊन गेला. म्हणे मशीनला काही झालं नाही, तुमची खोलीच फुटकी आहे.

त्याचं खरं असावं. सकाळी पुसलेल्या फरशीवर संध्याकाळी पावलं उमटतात. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला की मागच्या बंद खिडकीचा पडदा आत फुगतो. आणि ज्याचा उलगडाच होत नाही ते म्हणजे पलंगाजवळच्या स्विचबोर्डाच्या कडेने भिंतीवर धुळीची तपकिरी रेघ उमटली आहे. ती आतली भिंत, पलीकडे आमचाच हॉल. तिथे बाहेरची धूळ कशी?

शिवाय चौकटीलगत नख जाईल एवढी भेग आहे. मिस्त्रीने पांढरं सिमेंट भरलं होतं. पावसाळ्यात दार घासायला लागलं, उन्हाळ्यात भेग पुन्हा उघडली. सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे एसीपेक्षा धुळीची काळजी जास्त. कुणाला काम सांगण्याआधी हवा नेमकी कुठून शिरते ते घरीच शोधायचंय. आणि भरायचं कशाने?

गोदाकाठ
ताई, पडदा फुगतो म्हणजे निम्मी परीक्षा झालीच आहे. दुपारी वारा असताना सगळं बंद करा. पंखा, एसीसुद्धा. खोलीचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावा आणि पेटती उदबत्ती खिडकीच्या चारी कडा, चौकट, एसीच्या कॉपर पाइपचं भोक इथून हळूहळू फिरवा. धूर खोलीच्या आत ढकलला जाईल तिथून हवा येतेय. पडदे आधी काढून ठेवा, आणि गॅस गिझर असेल तर तेवढा वेळ बंद. दार आणि चौकटीच्या मधे कागदाची पट्टी धरून दार लावा. अलगद ओढून निघाली तर तिथे दार नीट टेकत नाही.

भेगेचं म्हणाल तर काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, चौकट तिच्याबरोबर हलते. सिमेंट टिकणार नाही. सिलिकॉन किंवा रंग मारायचा असेल तर ॲक्रिलिक सीलंट भरा, ते ताणलं जातं. आणि भरायचं ते उन्हाळ्यातच, भेग पूर्ण उघडी असताना.

पाना_पक्कड
वायरिंगची कामं करतो. स्विचबोर्डाचं कोडं गच्चीवर सुटंल. आमच्याकडंबी अशीच धूळ यायली होती. डिशच्या केबलसाठी नाहीतर पुढं मजला चढवायचा म्हणून स्लॅबमधून पाइप वर काढून ठेवतात, तोंड तसंच उघडं. वरची तापलेली हवा पाइपातून थेट बोर्डात उतरते. बोर्डाच्या आत एम-सील, फोम काही कोंबू नका, उद्या वायर बदलायची तर भिंत फोडावी लागंल. तोंड गच्चीवर बंद करा.

उंबरठा
जरा उलट बोलतो. एकमजली घरात फटी बुजवल्या तरी स्लॅब तापतोच. रात्री दहाला छताला हात लावून बघा. चटका बसला तर चुन्याचा किंवा पांढरा उष्णतारोधक रंग आधी. आणि त्या खोलीत कूलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी हवीच, नाहीतर नुसता दमटपणा.

मृगाची_वाट
सगळ्यांचे आभार. पाना_पक्कड दादा, गच्चीवर खरंच दोन पाइप निघाले, एकात गांधीलमाशीचं घर होतं. टोप्या बसवल्या. उदबत्तीचा धूर सर्वांत जास्त हलला तो सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकपाशी. बाहेरून तिथे छोटी भोकं दिसतात. तीही सिलिकॉनने बुजवू का?

गोदाकाठ
मुळीच नको, ती पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. बुजवलीत तर ट्रॅक भरून पाणी खोलीत येईल. सरकत्या पल्ल्याच्या कडेला केसाळ पट्टी असते, ऊलपाइल म्हणतात, ती झिजून चपटी झाली असणार. ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात मीटरवर मिळते. जुन्या पट्टीचा तुकडा सोबत न्या, जाडी वेगवेगळी असते.