लहान संस्थांनी फाउंडेशनच्या अनुदानामागे लागावं का?

तापीकाठ: आम्ही नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या पाड्यांवर मुलांच्या वाचनाचं काम करतो. माझं ठाम मत आहे, मुंबई-बंगळुरूच्या फाउंडेशनांमागे धावणं सोडा. एकाने आम्हाला पुस्तकांचे पैसे दिले, पण पाडोपाडी फिरून मुलांसोबत बसणाऱ्या ताईचं मानधन बजेटमधून काढून टाकलं. पुस्तकं आली, वाचून दाखवणारं माणूस नाही. अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था उभी केली ती इथल्याच पैशावर. आज जिनिंगवाले, दालमिलवाले, केळीचे व्यापारी आहेतच की. त्यांच्याकडे जा.

सातपुडा_पायथा: भाऊ, नाही पटलं. व्यापारी खोली बांधून देईल, पाटी लावून घेईल, अन्नदान करेल. दर महिन्याच्या मानधनाला किती जण तयार होतात? मानधन मान्य करणारी फाउंडेशनं आहेत, ती शोधावी लागतात. दिसेल त्याला अर्ज धाडू नका. वार्षिक अहवाल काढा, मागच्या दोन-तीन वर्षांत कुणाला, कोणत्या जिल्ह्यात, कशासाठी दिले ते वाचा. आपल्यासारखं काम त्यात दिसलं तरच लिहा. आणि नंदुरबार केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहे, हे प्रस्तावात वरच येऊ द्या.

हिशेब_जळगाव: कंपन्यांच्या पैशाचंही बघा. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, पण प्राधान्य त्यांच्या परिसराला. कारखाने पुणे-चाकणला, मग अक्कलकुव्याला काय येणार? वर संस्थेच्या आयकर माफीची 12ए, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी 80जी आणि कंपन्यांचा हा पैसा घ्यायला 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी. परदेशी पैसा घेणाऱ्या मोठ्या संस्था पूर्वी त्यातला काही भाग लहान संस्थांना द्यायच्या, परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. तापीकाठ भाऊंचंच बरोबर.

सातपुडा_पायथा: कागद तर व्यापाऱ्यालाही लागतात. 2000 रुपयांवर रोख दिली तर 80जीची सवलत नाही, आणि पावती तो मागणारच.

तापीकाठ: पण व्यापारी इंग्रजीत चाळीस पानी प्रस्ताव मागत नाही. पाड्यावर येतो, ताईचा वर्ग बघतो, तिथल्या तिथे ठरवतो.

सातपुडा_पायथा: मग फाउंडेशनच्या माणसालाही आधी पाड्यावर आणा. प्रस्ताव नंतर. दोन पानांची चिठ्ठी पाठवून फोनवर पहिला प्रश्न विचारा: "मानधनाला पैसे देता का?" नाही म्हणाले तर तिथेच थांबा.

तापीकाठ: असं सरळ विचारलेलं चालतं त्यांना?

सातपुडा_पायथा: चालतं. त्यांचाही वेळ वाचतो.