‘एव्हरीवन’नंतर ‘देअर’ लिहिलं तर मार्क का कापायचा?

हायस्कूल शिक्षिका, दारव्हा
आठवीतल्या एका मुलीनं लिहिलं, ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक.’ तपासणाऱ्यानं लाल पेनानं ‘देअर’ (त्यांचं) खोडून ‘हिज’ (त्याचं) केलं, कारण ‘देअर’ अनेकवचनी. अर्धा मार्क गेला. मला हे अजिबात पटत नाही. सर्वनामानं नामाचं लिंग-वचन पाळावं, कबूल. ‘एव्हरीवन’ एकवचनी आहे, तेही कबूल. पण पुल्लिंगी कधीपासून झालं? एकवचनी ‘दे’, म्हणजे एकाच व्यक्तीसाठी ‘दे’-‘देअर’ वापरणं, इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे, जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेनंही २०१९ मध्ये ते मान्य केलं.

निवृत्त मुख्याध्यापक, अचलपूर
मॅडम, ‘प्रत्येकानं वही आणावी’ यातलं ‘प्रत्येकानं’ही पुल्लिंगीच ना? मुली वही आणतातच. कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ मध्येही पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धराव्यात असं आहे. ‘हिज’ खटकत असेल तर ‘हिज ऑर हर’ शिकवा. पण आत्ताच सूट दिली तर एकवचन पक्कं कधी व्हायचं?

हायस्कूल शिक्षिका, दारव्हा
कायद्यात तसं लिहून ठेवावं लागलं सर, म्हणजे ते आपोआप कळत नव्हतं.

पालक, घाटंजी
तुमचं दोघायचंही आयकलं, पन पोट्टे चुकतात दुसरीकडंच. माह्या पोरानं लिवलं, ‘रामू वेन्ट विथ हर मदर’. रामू तं पोरगा हाये! आपन ‘त्याची आई’ म्हनतो, त्यातली ‘ची’ आईवरून येते. म्हून पोट्टं आईकडं पायते अन् ‘हर’ लिवते. इंग्रजीत आई कोनाची ते पाहा लागते. हे त्यायले कोनी सांगतच नाई. ‘देअर’चा वाद मंग करा ना बाप्पा!

प्राथमिक शिक्षक, धारणी
भाऊ, लाखातलं बोललात. आमच्याकडं तर कोरकू घरची मुलं आहेत, त्यांच्या भाषेत तो-ती असा भेदच नाही. मी सर्वनामापासून नामाकडं बाण काढायला लावतो. ‘हर’चा बाण रामूकडं गेला की मूल स्वतःच खोडतं. ‘एव्हरीवन’कडं गेला तर ‘देअर’ला मी पूर्ण मार्क देतो.

निवृत्त मुख्याध्यापक, अचलपूर
बाण चांगला. पण ‘ईच ऑफ द बॉईज हॅज लॉस्ट हिज पेन’ मध्ये कुठं नेता? ‘बॉईज’ जवळ दिसतं, म्हणून मुलं ‘हॅव’ आणि ‘देअर’ लिहून मोकळी होतात.

प्राथमिक शिक्षक, धारणी
‘ईच’कडंच सर. ‘ऑफ द बॉईज’ आधी पेन्सिलीनं कंसात टाकायला लावतो, मगच बाण.