रिसेल फ्लॅटचे रील खूप बघितले जातात, पण गिऱ्हाईक येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. मी बदलापूर पश्चिमेला इस्टेट एजंट आहे, महारेराची (घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी आहे. काम बहुतेक रिसेल आणि भाड्याचं, अधूनमधून नव्या प्रकल्पातले फ्लॅटही दाखवतो. पूर्वी ओळखीतून गिऱ्हाईक यायचं. आता डोंबिवली-ठाण्याची मंडळी आधी इन्स्टाग्राम-फेसबुक चाळतात आणि मगच बदलापूर लोकल पकडतात, म्हणून मीही रील टाकायला लागलो.

रीलखाली 'प्राइस?', 'लोकेशन?' अशी कमेंटची रांग लागते. उत्तर दिलं की पुढे शांतता. जे थोडे साइट व्हिजिटला येतात, त्यातल्या कित्येकांचं बजेट वन आरकेचं आणि बघायचा असतो टू बीएचके.

किंमत आणि बिल्डिंगचं नाव उघड लिहिलं की दुसरे एजंट तेच फोटो उचलून, किंमत लाखभर कमी टाकून आपल्या ग्रुपवर फिरवतात. मध्यंतरी एका बिल्डिंगमध्ये वॉचमनला विचारून अनोळखी माणसं थेट फ्लॅटची बेल वाजवायला लागली. घरात मालकाची म्हातारी आई दुपारी एकटी असते. तो माझ्यावर चिडला आणि त्याचं बरोबरच होतं. नाव लपवावं तर लोकांना जाहिरात खोटी वाटते. यातून मार्ग कसा काढता?

दुसरं, पाण्याचं. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूरजवळ पुरात अडकली, ते लोक विसरलेले नाहीत. उल्हास नदीकडच्या भागातला फ्लॅट म्हटला की पहिला प्रश्न 'पाणी भरतं का?' काही ठिकाणी पार्किंगमध्ये भरतं. ते लपवून मला घर विकायचं नाही, पण रीलमध्ये बोललो तर मालक नाराज होतो.

शिवाय पैसे देऊन जाहिरात करायची तर फॉर्म भरून घेणारी बरी की थेट व्हॉट्सअ‍ॅपवर आणणारी? आणि बिल्डरकडून येणारी पोस्टर क्यूआर कोडशिवाय असतात. ती माझ्या पेजवर टाकू का?

प्रतिसाद १
शेवटचं आधी. अजिबात टाकू नका. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ लागतंच, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. सोशल मीडियावरची पोस्ट हीसुद्धा जाहिरातच. बिल्डरकडून क्यूआर असलेलं पोस्टर मागून घ्या. नोंदणीच झाली नसेल तर त्या प्रकल्पाचं नावही घेऊ नका, रेरा कायद्याचं कलम १० एजंटलाच लागू होतं.

फॉर्ममध्ये नाव-नंबर फेसबुक आपोआप भरतं. माणूस बोट लावून मोकळा होतो, तुम्ही फोन केलात की 'कुठला फ्लॅट?' विचारतो. थेट व्हॉट्सअ‍ॅपवर आणा, तिथे पहिलाच प्रश्न बजेट आणि कर्जाचा ठेवा. ब्रॉडकास्टवर फार विसंबू नका, ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही.

प्रतिसाद २
किंमत उघड लिहाच, बजेट नसलेले तिथेच गळतात. लिहायचं नाही ते बिल्डिंगचं नाव. खिडकीतून समोरची पाटी दिसत असेल तर ते दृश्य कापा, आणि व्हिडिओवर मध्यभागी तुमचं नाव-नंबर टाका, कोपऱ्यातलं कापून टाकतात. कारपेट एरिया करारनाम्यातलाच सांगा. स्टेशनपासून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जाऊन सलग शूट करा. ज्याला रोज लोकल पकडायची आहे त्याला हॉलमधल्या फॉल्स सीलिंगपेक्षा हे बघायचं असतं.

पाण्याचा व्हिडिओ कुठल्याही एका फ्लॅटला जोडू नका. भर पावसात भागात फिरून कुठला रस्ता कोरडा राहतो, कुठे पाणी येतं ते दाखवा. मालकाला बोलायला जागा राहत नाही आणि लोक तुमचं पेज धरून ठेवतात. त्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये पाणी भरतं हे मात्र टोकन (बयाण्याची रक्कम) घेण्याआधी गिऱ्हाईकाला स्वतः सांगा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. पावसातला व्हिडिओ यंदा नक्की करतो. शूटिंगसाठी मालकाची लेखी परवानगी घ्यायचं ठरवलंय. मराठीतला नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका.